चुडामणनानांच्या तीन मेखा

एरंडोलच्या चुडामणनानांनी बत्तीस वर्षे फिरत्या टॉकीजचा तंबू उभारला. मधला खांब सरळ उभा राहिला की ते त्याला हात जोडत आणि मगच पाणी पीत. वावटळीत घरांचे पत्रे उडाले, परंतु नानांचा खांब कधी झुकला नाही. ही कीर्ती त्यांनी पागोट्यासारखी जपली होती. पुढे गावोगाव व्हिडिओ आले, तंबू विकला गेला, आणि पाच वर्षे नानांना खांबासाठी कोणी बोलावले नाही.

म्हणून सत्त्याऐंशी साली अभिमनरावांचा निरोप येताच नाना मेखा ठोकायची लाकडी मोगरी व मेखा पोत्यात घालून पत्नी भागाबाईंसह निघाले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या या अभियंत्यांनी मुंबईची एक जुनी शिडाची नाव विकत घेऊन, केळी पोहोचवून परतणाऱ्या ट्रकमधून हतनूर धरणाच्या काठी आणली होती. अशा नावेला कॅटामरान म्हणतात. खिल्लारी जोडीसारख्या दोन सडपातळ होड्या, वरून आडव्या दांड्यांनी जखडलेल्या. डोलकाठी मात्र आडवी पडलेली, दोर कुजलेले, तारा गंजलेल्या.

"नाना, हा खांब उभा करायचा, एवढंच," असे सांगून अभिमनराव आठ दिवसांसाठी मुलीकडे धुळ्याला गेले.

नानांनी कामाला अनुष्ठानाची शुचिता दिली. प्रत्येक तारेवरून कापसाचा बोळा फिरवला. जिथे तंतू अडकला तिथे तारेचा पदर तुटलेला, म्हणून ती बदलली. कप्प्यांना एरंडेल पाजले. दोन्ही होड्यांच्या कडेला आणि पुढच्या दांडीला एकेक भक्कम कडी होती. तिचे प्रयोजन न कळल्याने नानांनी एकीला डबा अडकवला, दुसरीला सदरा, तिसरीला पागोटे. तारा आखूड भरल्या, तेव्हा त्यांना दोर जोडून नानांनी काठावरच्या काळ्या मातीत तीन मेखा ठोकल्या आणि डोलकाठी अशी उभी केली की जणू यज्ञातला यूपस्तंभ.

आठव्या दिवशी गाव जमले. अभिमनराव थेट गाडीतून उतरून नारळ फोडायला धावले, शीड चढले, दहा जणांनी नाव ढकलली. नाव वीतभर सरकली आणि गच्च थांबली.

चहावाला तोताराम ओरडला, "नाना, हाई नाव शे का मांडव? वऱ्हाड कव्हय येई?"

अभिमनरावांनी मेखा पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "राहू द्या नाना. मुंबईचा कारागीर बोलावतो."

"साहेब, सकाळलोंग थांबा," एवढेच नाना म्हणाले आणि पाणीही न पिता डोलकाठीखाली बसले. पायाखाली जमीनच नसेल, तर खांबाचा तणावा बांधायचा कुठे? बत्तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

भागाबाई भाकरी घेऊन आल्या. "गाडावर कडबा बांधतस, तव्हय दोर जमीनले बांधतस का गाडाले?"

नानांची नजर मेखांवरून नावेकडे वळली.

"आनि डबा टांगाले कोनी इतकी जाड कडी करस का?"

नानांनी डबा, सदरा आणि पागोटे उतरवले. जोडलेले दोर सोडताच तारा कड्यांना अचूक पोहोचल्या. मग त्यांनी एकेक तार बोटाने छेडून, वीणेसारखी कान लावून ताणली आणि मेखा उपटून पोत्यात टाकल्या.

सकाळी पुन्हा दहा जणांनी नाव ढकलली. ती इतकी सहज सुटली की दोघे पाण्यात पडले. त्यांत तोताराम होता. डोलकाठीला मिठी मारून बसलेले नाना वारा भरल्यावर पुटपुटले, "मना खांब आजलोंग पडना नही." परंतु तो चालतो, हे त्यांना नवीन होते.

नाना आणि अभिमनराव पैलतीराला लागले. तीर उघडा, झाडझुडूप नाही. नाव वाऱ्याने मागे सरकू लागली. "अरे, आता हिला बांधायचं कुठे?" अभिमनराव कासावीस झाले.

नानांनी खांबाला हात जोडले, ओंजळभर पाणी प्यायले, आणि सोबत आणलेल्या पोत्यातून मोगरी काढली.

"आते ठोकू का मेखा, साहेब?"