‘तेज चल!’ ऐकून एकही उंट हलला नाही

मंडळी, आत्ताच इथं सौदीत, जुबैलच्या कॅम्पवर परतलोय आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

महिनाभर मी एक वेस्टर्न कादंबरी वाचतोय. युद्ध संपल्यावर काही सैनिक गुरं पाळून नव्यानं आयुष्य सुरू करतात. त्यातली गोष्ट रोज माझ्या रूममेटला, सुभेदार काकांना सांगतो. काका फौजेतून रिटायर होऊन इथं सिक्युरिटीत आले. आता इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपतोय. साताऱ्याला जाऊन म्हशी पाळायचं मनात आहे, पण धीर होत नाही. "हुकूम सोडून मला काय येतंय रे?" म्हणतात.

आज सुट्टी होती, म्हणून आम्ही वाळवंटात उंटांचा गोठा बघायला गेलो. काकांनी गमतीत परेडचा आवाज लावला, "तेज चल!" शंभरेक उंट नुसते रवंथ करत राहिले.

गोठ्याचा म्हातारा सौदी मालक हसला. त्यानं हळूच हाक मारली, "नूरा!" एवढ्या उंटांतून एकच उंटीण वळली, सावकाश चालत आली आणि त्याच्या खांद्यावर मान ठेवून उभी राहिली.

मालक छातीवर हात ठेवून म्हणाला, "अस्करी." म्हणजे तोही जुना सैनिकच! काकांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. त्यानंही तसाच परत केला.

येताना गाडीतूनच काकांनी घरी काकूंना फोन लावला. "म्हैस घ्यायचं नक्की. तू आधी तिचं नाव ठरव."

काकू अजून विचारात आहेत. तुम्ही सुचवता का एखादं?