बेटावरचा पाहुणा

अकोल्याला शेतकी शिकत असताना माझ्या खोलीत मॉरिशसचा एक मुलगा होता. आडनाव मराठी, पणजोबा कोकणातून ऊस तोडायला गेलेले. त्याचं मराठी मात्र आजीकडून शिकलेलं, जुनाट, आणि झोपेत तो भलत्याच भाषेत बोलायचा. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मेस बंद झाली, म्हणून मी त्याला जऊळक्याजवळच्या आमच्या गावी घेऊन आलो.

तो पहाटे उठून जऊळका स्टेशनापर्यंत पळत जायचा आणि पळतच परत यायचा. आल्यावर वहीत आकडे लिहायचा. का पळतोस म्हणून विचारलं, तर सांगायचा की हिंदी महासागरातल्या छोट्या बेटांचे खेळ भरणार आहेत. पळणं, पोहणं, फुटबॉल, सगळं. त्याला त्याच्या बेटाकडून पळायचं होतं. मी शाळेतला जुना नकाशा काढून पाहिला. त्याचं बेट शाईच्या ठिपक्याएवढं. असल्या ठिपक्यांचे कसले आंतरराष्ट्रीय सामने, असं माझ्या मनात आलं आणि ते गेलं नाही.

गावालाही ते पटेना. पोलीस पाटलांनी मला पारावर थांबवलं.

"याच्या मागं कोणी नाही, हा कोणाच्या मागं नाही. मंग पळून काहून राह्यला?"

मी खेळांचं सांगितलं. ते हसले नाहीत. रुळाजवळच कायले पळते, वहीत काय लिहिते, एवढंच विचारत राहिले.

चार दिवसांनी एका शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या मोटरीची तांब्याची तार चोरीला गेली. गावात काही गेलं की आधी आमच्या बौद्धवाड्यातल्या घरांची झडती घ्यायची पद्धत होतीच. आता तर आमच्या घरात परका माणूस होता. मला भीती वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीच्या खाली संशयही होता. तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याची बॅग उघडली.

तळाला खिळे ठोकलेले बूट होते. तसले बूट मी कधी पाहिले नव्हते. एक घड्याळ होतं, आणि एक टाईप केलेलं पत्र, ज्यातलं एकही अक्षर मला कळेना. ते मी खिशात घातलं आणि पोलीस पाटलांना नेऊन दिलं. त्यांनी ते वाशिमला पोलिसांकडे पाठवलं.

तो तीन दिवस पत्र शोधत होता. आईने त्याच्यासाठी सगळं घर झाडून काढलं. मीही त्याच्याबरोबर गाद्या उचलून बघत होतो.

चौथ्या दिवशी तार सापडली. ती मालेगावच्या भंगारवाल्याकडे विकणारा त्या शेतकऱ्याचाच गडी निघाला. आमच्या घरी येऊन कोणी काही बोललं नाही. पत्र मात्र आठवड्याने परत आलं, पोलीस पाटलांनी ते माझ्या वडिलांच्या हातात दिलं, आणि कोणी आणून दिलं होतं तेही सांगितलं. वडिलांनी पाहुण्यासमोरच मला विचारलं.

"लोकं आपल्या घराची झडती घेत होते तेवढं पुरे नव्हतं काय तुले?"

पाहुण्याने पत्र उलगडलं. ते निवडीच्या शर्यतीचं बोलावणं होतं, फ्रेंचमधलं.

"विचारलं असतंस तर मीच वाचून दाखवलं असतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गाडीने गेला. स्टेशनावर वडील गेले, मी गेलो नाही.

ते खेळ झाले असावेत तेव्हा मी अकोल्याच्या वाचनालयात रोज पेपर चाळायचो. कशातच काही नव्हतं. दिवाळीनंतर तो परत आला, पण दुसऱ्या खोलीत राहायला. बाकीच्या मुलांना त्याने खेळांचं सगळं सांगितलं होतं. मला विचारायला महिना लागला. नळावर बादली भरताना विचारलं.

"चौथा आलो," तो म्हणाला.

मी चांगलं झालं म्हणालो आणि माफी मागितली. त्याने मान हलवली, बादली उचलली आणि गेला. मी तिथेच उभा होतो, आणि मला लाज वाटावी असा विचार माझ्या डोक्यात चालला होता, की चौथ्याला पदक नसतं, म्हणजे हे खरं आहे असं दाखवायलाही काही नसतं.