राखेत बुडवलेले हातमोजे

श्रावण लागण्याआधीचा शेवटचा रविवार. हजर: सासूबाई, धाकटे दीर, जाऊबाई आणि मी. नवरा कामावर.

पापडी गावातल्या आमच्या बागेत बावखल आहे, म्हणजे झाडांना पाणी देण्यासाठी खणलेलं जुनं तळं. त्यातले मासे श्रावणाआधी काढायचे आणि ते सासूबाईंनीच विळीवर साफ करायचे, ही घरची रीत. गेल्या वर्षी साफ करताना चिलापी माशाचा काटा त्यांच्या बोटात घुसला. हळद लावून त्या मोकळ्या झाल्या. काही आठवड्यांनी बोटावर गाठ आली, फुटली, मग मनगटाकडे ओळीने आणखी गाठी. मी तपासणीचा आग्रह धरला. निघाली बुरशी. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं. पण यांच्यासारख्या साखरेचा आजार असलेल्यांनी जपायला हवं. काही महिने गोळ्या चालल्या. मासे शिजवून खायला हरकत नाही, मात्र उघड्या हातांनी साफ करू नका, असं त्यांनी बजावलं.

आता विळी सुटणार, ही धास्ती सासूबाईंना गाठींपेक्षा मोठी होती. म्हणून मी जाड रबरी हातमोजे आणले. पहिलाच मासा त्यांतून सटकून अंगणात गेला.

"हे घालून मी काय भांडी घासू?" त्या म्हणाल्या.

जाऊबाईंनी विळीकडे हात नेला. "आई, आणा इकडे, मी करते."

"बस तिथंच!" सासूबाईंनी मोजे घातलेला हात चुलीच्या राखेत बुडवला, मासा धरला. हलला नाही. उघड्या हाताने त्या कायम राखेतच मासा धरायच्या. तीच युक्ती त्यांनी मोज्यांवर केली. मग दिरांना हुकूम सुटला, "आधी कात्रीने काटे कापून दे. मोजा फाटला तर तुझ्या बायकोच्या हातचं कालवण खावं लागेल."

शेजारीण कुंपणावरून ओरडली, "काय काकी, ऑपरेशन?"

"हो. पुढचा नंबर तुझा!"

तेवढ्यात टोपलीत दोन मासे दिसले, शेपटीपाशी कापूस चिकटल्यासारखे. दीर म्हणाले, "खरवडून टाकू, नाहीतर परत पाण्यात सोडू." माशावरची ही कापसासारखी बुरशी सहसा माणसाला लागत नाही, हे डॉक्टरांना मी विचारून घेतलं होतं. तरी मी बोलायच्या आत सासूबाईंनीच ते मासे बाजूला काढले. "आजारी मासा ताटात नको न् पाण्यातही नको. लांब खड्डा खण, वर चुना टाक."

दीर खड्डा खणायला गेले. मला त्या बाईचा असा अभिमान वाटला की मी हातातलं काम विसरले. आजार झाला तेव्हा त्या घाबरल्या होत्या, मी पाहिलंय. तरी विळी सोडली नाही, आणि हट्टही केला नाही. जेवण झाल्यावर मी त्यांची बोटं उजेडात धरून तपासली. कुठे ओरखडा नाही.

"झालं समाधान, डॉक्टरीणबाई?"

झालं. पण मासे आजारी पडले ते पाण्यामुळे, असं सासूबाईंचं म्हणणं, आणि मला ते पटतं. कुजलेल्या पानांचा गाळ बावखलात साचलाय. तो माणसांनीच उपसावा लागेल, पायात काटा घुसू नये म्हणून गमबूट घालून. गमबूट मी आणून ठेवलेत. दीर अजून अनवाणीच उतरतात, आणि गाळ आहे तिथेच आहे.