तोंड न झाकणारा नीरज

माहा भाऊ मधुकर अल्लीपूरले किराण्याचं दुकान चालवते. डाळ-तांदूळ नावाले, दुकान चालते ते खर्र्यावर. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन पाटावर घोटला का झाला खर्रा. आमच्याकडे पाव्हण्याले चहाआधी खर्रा विचारतात, मंग पोट्टे काऊन शिकणार नाई? मधुकरचा मोठा पोरगा नीरज बारावीपासून बापाच्याच दुकानात खर्रा घोटे अन् घोटता घोटता खाये. चोविशीत गालात गाठ आली. दवाखान्यात नेला तं म्हणाले, कॅन्सर. अर्धा जबडा काढला.

मी त्याची आत्या. आंजीले माही वांग्या-सांभाराची भाजीवाडी, ते सोडून दवाखान्यात मीच बसली होती. शुद्धीवर आल्यावर त्यानं आरसा मागतला. मी म्हटलं, "राहू दे नं बाप्पा." हात तसाच पुढे धरून राह्यला. मंग मी देल्ला. लय वेळ पाह्यलं त्यानं. अन् त्या फाटक्या बोलीत म्हणते, "आत्या, बाबाचा माह्या लग्नाचा खर्च वाचला." मी रडली, अन् हे पोट्टं हासे!

घरी आल्यावर मायनं त्याच्या तोंडाले दुपट्टा गुंडाळून देल्ला. त्यानं तो काढून खुंटीले टांगला अन् दुकानात बापाच्या बाजूले जाऊन बसला.

"अबे, गिऱ्हाईक भेते," मधुकर म्हणे.

"भेऊ द्या. त्याच्याचसाठी बसलो. बाबा, मले दुसरं काई नाई पाहिजे. खर्रा बंद करा. मी तं गेलो, धीरजले तरी वाचवा."

धीरज म्हणजे त्याचा लहाना भाऊ. मिसरूड फुटली नाई, पण दात लाल झाले होते.

"खर्रा बंद केला तं डाळ घ्याले कोण येईन?" बापाचं उत्तर हे.

मंग गाठ मानेत उतरली अन् डॉक्टरनं हात टेकले. त्या दिवशी मधुकरनं नीरजच्या डोक्शावर हात ठेवून शपथ घेतली. पाट, पन्नी, सारं दुकानातून उचललं. मले वाटलं, चला, उशिरा का होईना, अक्कल आली. अक्कल कशाची येते! त्यानं पाट घराच्या मागच्या दारी नेलता.

एका दुपारी मी नीरजच्या खाटेपाशी बसली होती. मागून खर्रा घोटाचा आवाज आला. त्याले उठवत नव्हतं, तरी भिंत धरून उठला. मी त्याच्या मागं गेली. मागच्या दारी शेजारचा लहानू उभा होता, मधुकर खर्रा घोटून राह्यलता, अन् बाजूले धीरज सुपारी कातरत होता. नीरजनं कोणाले शिवी देल्ली नाई. तोंडातून लाळ गळून राह्यलती. म्हणाला, "बाबा, एक मलेही द्या."

मधुकर खाली पाहात म्हणते, "तुले नाई बेटा. तुले डॉक्टरनं मनाई केली." अन् पुडी लहानूच्या हातात देल्ली.

आग लागो अशा बापपणाले! पाट उचलून त्याच्याच डोक्शात घालावा वाटलं मले. पाठचा भाऊ आहे माहा, तरी वाटलं.

नीरज तिथंच पायरीवर बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. कोणी खर्र्याले आला का हा वर पाहून म्हणे, "भाऊ, एक माह्यासाठीही सांगजा." माणूस मुकाट्यानं वापस जाये. दुखे इतकं का ओठ पांढरे पडत. मी म्हणो, "पड नं रे जरासा."

"मेल्यावर पडाचंच आहे, आत्या."

लोक म्हणत, मधुकररावचं पोट्टं डोक्शानं गेलं. म्हणा म्हटलं. त्याले बसवत होतं तवरीक त्या दारातून एक पुडी गेली नाई.

उन्हाळ्यात नीरज गेला. तेरवीले अख्खं गाव जेवाले आलं. वरण-भात, बुंदी पोटभर खाल्ली, पोराचं लय वाईट झालं म्हणाले, हात धुतले अन् मागच्या दारी जाऊन उभे राह्यले. मधुकर पंगतीत वाढून राह्यलता. दार धीरजनं उघडलं.