कोंगिरच्या पोटाखालून

ओराझगाली बोलायला लागला की समोरच्याचा चहा निवतो, असं कोसकुडुक गावात म्हणतात. तो फार बोलतो म्हणून नव्हे. त्याच्या एका शब्दामागून दुसरा यायला वेळ लागतो म्हणून. उंटांच्या मागे चालता चालता ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या जिभेलाही उंटाचीच चाल लागते. वाऱ्याला घाई, पाखराला घाई, उंटाला कसली घाई?

त्याचे हात मात्र बोलके होते. उंटिणीच्या कुशीवर तळवा ठेवला की आतलं पिल्लू कुठे तोंड करून बसलंय ते तो सांगायचा. पण तोच तळवा बायकोच्या पोटावर ठेवला की हा माणूस नवशिका व्हायचा. आतून एक लाथ बसायची आणि हा दचकून हात मागे घ्यायचा.

"चावत नाही ते," बालझान म्हणायची.

"माहितेय."

"मग ठेव ना हात. इथे. आणि पुटपुटू नकोस, गुणगुण. उंटिणीला पान्हा फुटायला जे गुणगुणतोस ते. ते ऐकलं की हे गप्प बसतं."

मग तो गुणगुणायचा. उंटिणीसाठी केलेला तो सूर, त्याला ना शब्द ना शेवट. पोटातलं बाळ खरंच शांत व्हायचं.

त्या वसंतात बालझानचे दिवस भरले होते, आणि भरून वर चालले होते. तिची कंबर धरली होती, पाय सुजून भाकरीसारखे झाले होते. जमिनीवर अंथरलेल्या चादरीभोवती सगळे जेवायला बसत, तेव्हा हिला ना मांडी घालता येई ना पाय लांब करता येत. ओराझगालीने जाड लोकरी नमद्याच्या चार घड्या एकावर एक रचून तिच्यासाठी बैठक केली. तिच्यावर बसून ती सगळ्यांच्या डोक्यांवरून चहा प्यायची. सासू दामेली म्हणायची, "बघा, आमची खानबाई सिंहासनावर बसली."

पहाटे तिच्या पोटरीत गोळा यायचा. ती नुसती "आई गं" म्हणेपर्यंत हा उठलेला असायचा. टाच हातात धरून तो बोटं हळूहळू वर वाकवायचा, गोळा सुटेपर्यंत सोडायचा नाही. कंबरेला शेक द्यायला जाडं मीठ तव्यावर कोमट करून तो आपल्याच लोकरी मोज्यात भरायचा. मोजा एकच शिल्लक राहायचा, मग एका पायात मोजा आणि एका पायात फडकं गुंडाळून तो उंटांमागे जायचा. गावाने हे पाहिलं होतं आणि गाव हसलंही होतं. तो मनावर घेत नसे.

एवढी काळजी घेणाऱ्या माणसाचीही एक गोष्ट त्या घरात न बोललेली पडून होती. दोन वर्षांमागे अशाच वसंतात बालझान तालुक्याच्या दवाखान्यात एकटी गेली होती. उंटिणी व्यायच्या होत्या, म्हणून ओराझगाली मागे राहिला. ती परत आली ती रिकाम्या हातांनी. कुणी कुणाला बोल लावला नाही. दामेलीने तिला महिनाभर गरम रस्सा पाजला, ओराझगालीने तिच्या वाटणीचं पाणी विहिरीवरून ओढलं. पण त्या दिवसांबद्दल नवराबायकोत एक शब्दही झाला नव्हता. तो कसा काढायचा, हे बिचाऱ्याला कळलंच नव्हतं.

आता गावातली नर्स मेन्दिगुल सोमवारी येऊन बसली. तिने बाळाचे ठोके ऐकले, रक्तदाब घेतला, आणि ती दोन पेले चहा प्यायली.

"बाळ मजेत आहे. ठोके कसे, घोडा दौडतोय. पण पोरी, आता घरी थांबायचं नाही. गुरुवारी गाडी जाते तालुक्याला, तिने जायचं. डॉक्टरांच्या नजरेखाली राहायचं."

"गुरुवारच्या आत झालं तर?"

"तर मी आहेच. पण नाही झालं तर नखरे चालायचे नाहीत."

बालझानने ओराझगालीकडे पाहिलं. त्याने दाराबाहेर पाहिलं. बाहेर गोठ्यात तीन उंटिणी आज-उद्याच्या होत्या.

"बघू," तो म्हणाला. त्या "बघू"चा अर्थ तिला ठाऊक होता. तिने सिंहासनावरून तोंड फिरवलं.

नर्स गेल्यावर दामेली बोटांवर दिवस मोजत बसली. "माझी चार बाळंतपणं झाली, एकही दिवस वर गेला नाही. आमच्या घराण्यात हे नाही. सूनबाई, खरं सांग, उंटाचं मांस तर नाही ना खाल्लंस?"

आता हे त्या मुलखात पोरासोरांनाही माहीत असतं. उंटीण वर्षाच्या वर गाभण राहते. पोटुशीने उंटाचं मांस खाल्लं तर तिचंही बाळ उंटाच्या हिशोबाने चालतं, आरामात, रमतगमत. म्हणून घरात उंट कापला तर पोटुशीला दुसऱ्या घरी जेवायला पाठवतात.

ओराझगाली चहाच्या पेल्यात बघत लाल होत गेला.

"आपा," बालझान सासूला म्हणाली, "खाल्लंय."

"कधी?"

"हिवाळ्याच्या तोंडाला. शेजारी सागिदुल्लाकडे कापला होता तेव्हा. मला डोहाळे लागले होते. डोळे मिटले तरी तेच दिसायचं."

"आणि दिलं कुणी?"

यावर दोघीही ओराझगालीकडे बघू लागल्या. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाच्या अंगावर उमटतात असंही म्हणतात. एकीकडे ते, एकीकडे हे. मधे सापडलेल्या त्या माणसाने अंगरख्याच्या आत लपवून ते आणलं होतं, आणि गोठ्यामागे बर्फात उभं राहून दोघांनी चोरासारखं खाल्लं होतं. खाताना इतकं हसू आलं होतं की बालझानला उचकी लागली होती. लग्नानंतर इतकं सुखाचं जेवण दोघं कधी जेवली नव्हती, ही गोष्टही खरी.

दामेलीने हातातला पेला खाली ठेवला. मग तिने विचारलं, "कुठला भाग?"

"वशिंड."

"चरबी होती?"

"भरपूर."

"आणि मला विचारायचंही सुचलं नाही?" दामेलीचा आवाज चढला. "म्हातारी आई घरात सुकी भाकरी चावतेय, आणि हा गाढव वशिंड घेऊन गोठ्यामागे! जन्म दिला मी याला!"

त्यावर बालझान हसली. हसता हसता कंबर धरून "आई गं" म्हणाली. ओराझगाली उठून मीठ गरम करायला गेला.

या दोषाला उतारा आहे. बाईने उंटाच्या पोटाखालून जायचं, एका कुशीकडून शिरून दुसऱ्या कुशीकडे निघायचं. मग पोटातल्या बाळाला कळतं की आपण माणसाचं आहोत. पण बालझानला वाकताच येत नव्हतं. तिला बुटाची नाडी दिसून महिना झाला होता. रांगायचं म्हटलं तर मांड्यांच्या सांध्यात कळ जाई.

"उंटाला पुलावर उभा करू," सागिदुल्ला म्हणाला. तालुक्याची गाडी तोच चालवायचा आणि कुणाच्याही घरात सल्ला द्यायला तयार असायचा. "कोरड्या ओढ्यावर फळ्यांचा पूल आहे. वर उंट, खालून वहिनी. ताठ मानेने जातील."

"मग ती पुलाखालून गेली," दामेली म्हणाली. "उंटाखालून कुठे गेली? बाळ पुलासारखं आडवं होऊन बसलं तर तू काढणार का?"

मेन्दिगुलला विचारलं तर ती म्हणाली, "खुशाल जा. पण वाकायचं नाही, पडायचं नाही, आणि गुरुवारची गाडी चुकवायची नाही."

ओराझगालीने कुणालाच काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फावडं आणि पहार घेतली आणि तो गोठ्यापलीकडच्या मोकळ्या जागेत खणायला लागला. वरची माती वितळली होती, खाली चुनखडीचा थर होता. पहार आदळली की टण्ण वाजायचं. त्याला एक आडवा चर हवा होता. उंटाने पुढचे पाय पलीकडे आणि मागचे अलीकडे ठेवावेत एवढा रुंद, आणि बालझानने ताठ चालावं एवढा खोल. चराच्या दोन्ही तोंडांना उतरण, म्हणजे पाय घसरायला नको.

जाणारे-येणारे थांबत.

"ओराझ, पाणी लागलं का?"

"नाही."

"अरे, उंटासाठी तळघर बांधतोयस की काय?"

"हो."

एकाने कबरीची थट्टा करायला तोंड उघडलं. दामेलीने लांबूनच चप्पल उगारली आणि थट्टा तोंडातच राहिली. दुपारनंतर हसणारेच फावडी घेऊन आले. काम उरकलं तेव्हा सूर्य कलायला लागला होता. ओराझगाली आत उतरून एकदा चालून बघून आला, मग परत जाऊन त्याने उतरणीवर वाळू पसरली, तिच्यावर जुना नमदा टाकला.

कोंगिर ही त्याची सगळ्यांत म्हातारी उंटीण, तपकिरी रंगाची, गंभीर मुद्रेची. ओराझगालीने तिला आणलं. चरापाशी येऊन तिने खाली पाहिलं, मग मालकाकडे पाहिलं. अख्ख्या जन्मात असा मूर्खपणा पाहिला नाही, अशी ती नजर होती. पण त्याने तो सूर धरला, आणि कोंगिरने एक पाय पलीकडे टाकला, मग दुसरा, आणि उभी राहिली. दोर दामेलीने धरला.

"चल," ओराझगाली बालझानला म्हणाला, आणि तिच्याआधी स्वतः चरात उतरला. मागे चालत, तिचे दोन्ही हात धरून, एकेक पाऊल.

"तू का येतोस? तू कुठे पोटुशी आहेस?"

"मीही खाल्लंय."

ती हसली. मग दोघं कोंगिरच्या पोटाखाली आली. तिथे वारा नव्हता. कोसकुडुकमध्ये वारा नसलेली जागा क्वचितच सापडते. वर लोकरीचं उबदार छप्पर, त्यातून येणारा दुधाचा आणि मातीचा वास, आणि कोंगिरच्या आतड्यांची संथ गुरगुर. बालझान थांबली.

"चल ना," तो म्हणाला.

"थांब. कंबरेला बरं वाटतंय इथे." तिने त्याचे हात सोडले नाहीत. हळूच म्हणाली, "ओराझ, बाळ उशिरा आलं तरी चालेल मला. पण तिथे परत एकटी नाही जाणार मी. मागच्या वेळी सगळं झाल्यावर कुणाला सांगू, हेच कळेना. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं. तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं मला."

ओराझगालीला शब्द सापडायला नेहमीसारखा वेळ लागला. कोंगिरने एक श्वास घेतला, सोडला, दुसरा घेतला.

"मी यायला हवं होतं," तो म्हणाला. "उंटिणी व्याल्या असत्या. माझ्याशिवायही व्याल्या असत्या."

दोन वर्षं जे अडून बसलं होतं ते एवढंच होतं. तिने डोकं त्याच्या छातीला टेकवलं. पोट मधे आलं, तेव्हा तिरकं व्हावं लागलं.

"अरे, तिथेच बाळंत होतेस की काय?" बाहेरून दामेली ओरडली. "माझे हात भरून आले!"

"आपा," ओराझगाली आतूनच म्हणाला, "परवा मी हिच्याबरोबर जातोय. उंटिणी तुझ्याकडे."

"मग? तुझ्या बापाला उंटिणीचं शेपूट कुठे असतं हे माहीत नव्हतं तेव्हापासून सोडवतेय मी पिल्लं. जा म्हटलं! कधी विचारतोस याचीच वाट बघत होते."

दोघं पलीकडच्या उतरणीने वर आली. सूर्य डोळ्यांत शिरला. जमलेल्यांनी बघितलं तर नवराबायकोचे डोळे भिजलेले आणि दोघं हसताहेत. लोकांना वाटलं, उतारा लागला.

गुरुवारपर्यंत बाळ आलं नाही. कोंगिरने तिचं काम केलं की नाही यावर कोसकुडुकमध्ये आजही दोन पक्ष आहेत. सागिदुल्लाच्या गाडीत मागच्या बाकावर सगळ्या नमद्यांची बैठक झाली. ओराझगाली प्रत्येक खड्ड्याआधी "हळू" म्हणायचा, आणि त्याचा "हळू" पुरा होईस्तोवर खड्डा मागे पडलेला असायचा.

तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या खोल्यांकडे पुरुषांना जाऊ देत नाहीत. पुरुषांनी अंगणात उभं राहायचं, बायकांनी वरच्या मजल्याच्या खिडकीत यायचं, संसार असा वरखाली ओरडून चालवायचा. ओराझगाली अंगणात उभा राहिला. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला तो माणूस पहिल्या दिवशी ओरडायला शिकला.

"कंबर?" तो खालून ओरडायचा.

"दुखतेय!"

"उशी कुठे ठेवलीस?"

"डोक्याखाली!"

"गुडघ्यांमधे ठेव! कुशीवर झोप, गुडघ्यांमधे!"

वरच्या सगळ्या खिडक्यांत बायका हसायच्या. एकीने आपल्या नवऱ्याला ऐकवलं, "बघ, ऐक जरा! तू खाली येऊन नुसतं बिया खात उभा राहतोस." त्या नवऱ्याने ओराझगालीकडे रागाने पाहिलं आणि मूठभर सूर्यफुलाच्या बिया त्याच्या हातात दिल्या.

दिवसभर बालझान अधूनमधून खिडकीत यायची. काही सांगायचं असायचं असं नाही. खाली बघायची. तो असायचा. ती परत जायची.

शनिवारी सकाळी ती आली नाही. थोड्या वेळाने शेजारच्या खाटेवरची बाई खिडकीत आली आणि खाली वाकून म्हणाली, "कोसकुडुकवाले! तुमचीला कळा सुरू झाल्यात, आत नेलंय. तुम्हाला निरोप आहे."

"काय?" ओराझगाली ओरडला.

"गुणगुणा म्हणाली. मोठ्याने."

अंगणातल्या पुरुषांनी माना वळवल्या. ओराझगालीने टोपी काढून हातात घेतली, घसा साफ केला. मग त्या परक्या अंगणात, परक्या माणसांमधे, खिडक्यांकडे तोंड करून त्याने तो शब्द नसलेला सूर धरला, आणि आतून बाळाचा आवाज येईपर्यंत तो तुटू दिला नाही.