डोळा मारणारा दिवा

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात मोटारी सांभाळणाऱ्या त्या इंजिनिअरला सगळे हळूराव म्हणत, आणि हे नाव त्यांनी कष्टाने कमावलं होतं. पंख्याचं बटण शून्यावरून थेट पाचावर नेणाऱ्याकडे ते खुन्याकडे बघावं तसं बघत. चहा ढवळतानासुद्धा चमचा आधी सावकाश, मग जरा जोरात, मग पुन्हा सावकाश. बायकोला लग्नाचं विचारलं तेही याच पद्धतीने. आधी हवापाणी, मग नोकरी, मग तब्येत. शेवटी कंटाळून प्रश्न यायच्या आधीच तिने हो म्हणून टाकलं.

मोठी मोटार एकदम चालू करणं त्यांच्या लेखी अत्याचारच होता, आणि पंपघरात नेमकं तेच चालायचं. खटका पडला की मोटार हिसका देऊन उठायची, गटागटा वीज प्यायची आणि आसपासच्या घरांतले दिवे क्षणभर मंद व्हायचे. ‘दिव्याने डोळा मारला’ असं लोक म्हणत.

पंपघरामागच्याच गल्लीत, हळूरावांच्या घरात, या डोळा मारण्यावर त्यांच्या सासूबाईंचं बारीक लक्ष असे. पाण्याची वेळ ठरलेली नव्हती. विहिरीत साठा झाला की पंप चालू. नळ खाली अंगणात, सगळ्या इमारतीला मिळून एक, आणि पाणी थोडाच वेळ. म्हणून सासूबाई सकाळपासून स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली भाजी निवडत बसत. दिवा मंद झाला की जिन्यात जाऊन “आलं” अशी हाक देत. लेकीने घरातली बाकी सगळी कामं त्यांच्या हातून काढून घेतली होती, पण हे काम काढून घ्यायची कोणाची छाती नव्हती.

मग पंपघरात नवा इन्व्हर्टर आला. घरी बॅटरीवर चालतो तसा नव्हे, कपाटांच्या रांगेएवढा. वीज चिरून तिचे घास मोटारीला भरवायचे आणि वेग हळूहळू वाढवायचा, हे त्याचं काम. म्हणजे हळूरावांना जुळा भाऊच भेटला. टेबलावर एक दिवा लावून, तो जरासुद्धा दबू नये म्हणून, ते दिवसचे दिवस आकडे बदलत बसले. वीज जाडीभरडी चिरली की मोटार शिट्टी वाजवते, तर ती त्यांनी इतकी बारीक चिरली की शिट्टीही गेली. उद्घाटनाला साहेब आले आणि चालू कधी करताय म्हणून विचारू लागले. मोटार तेव्हा पूर्ण वेगात होती. हळूरावांचे डोळे भरून आले.

घरी आले तर घडे कोरडे. पाणी येऊन गेलं होतं आणि हाक कोणी दिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी शेजारणी स्वतःच अंगणात जाऊन थांबल्या. सासूबाईंना कोणी बोललं नाही, आणि तेच त्यांना लागलं. त्यांनी भाजीची परात लेकीकडे सरकवली, पाण्याचं आता तूच बघ म्हणाल्या आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या.

जेवताना बायको म्हणाली, “अहो, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. दिवा मंद होतो ते तिला दिसेनासं झालंय.”

हळूरावांचा घास हातातच राहिला. दिवा आता दबत नाही, हे याच पाटावर बसून ते रोज फुशारकीने सांगत होते. पण त्यांच्या मोटारींच्या गोष्टी बायको एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देई, आणि स्वतः हळूरावांच्या डोक्यात प्रकाश पडला तोही त्यांच्या नेहमीच्या वेगाने. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. ते उठून आत गेले.

“आई, डोळे चांगले आहेत तुमचे. दिवाच आता दबत नाही. मीच बंद केलंय ते.”

सासूबाईंनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं. “माझी समजूत नका काढू, जावईबापू. दिवा कधी सुधारतो का? माणूसच बिघडतं.”

यावरचं उत्तर हळूरावांना सुचलं ते दुसऱ्या दिवशी पंपघरात. पुन्हा हिसका द्यायला त्यांचा हात धजेना, पण मोटार उठेपर्यंत वीज जरा जाड चिरायला काय हरकत होती? त्यांनी आकडा बदलला. मोटार सावकाश उठू लागली आणि तिची शिट्टी खालच्या सुरातून चढत चढत मागच्या गल्लीत गेली.

आतल्या खोलीत सासूबाईंनी मान वर केली. क्षणभर ऐकलं. मग पदर खोचून जिन्यात गेल्या आणि “आलं” अशी हाक दिली की वरच्या मजल्यावरच्या बायकाही घडे घेऊन धावल्या.

संध्याकाळी त्यांनी स्वतः जावयाला चहा करून दिला. “डॉक्टर राहू द्या,” त्या म्हणाल्या. “डोळे गेले तर गेले, कान शाबूत आहेत माझे. पण तुमचं नवं मशीन शिट्ट्या मारतं हो. जुनं कसं गुमान चालायचं.”

डोळे गेलेले नाहीत हे पुन्हा सांगायला हळूरावांनी तोंड उघडलं आणि चहा पिऊन टाकला. आपल्या मशीनची एवढी बदनामी त्यांनी आयुष्यात कधी निमूट ऐकली नव्हती.

पुढे साहेबांच्याही कानावर ती शिट्टी गेली. एवढं महागाचं यंत्र बोंबलतंय कसं, हे बंद कधी करणार, असं त्यांनी विचारलं.

“करू की,” हळूराव म्हणाले. “हळूहळू.”