निळ्याचा आरसा

बदनापूरच्या अलीकडे कच्चा रस्ता रूळ ओलांडतो, तिथल्या रेल्वे फाटकावर शहात्तर साली सांडू नावाचा गेटमन होता. फाटकाला लागून त्याची खोली, खोलीसमोर पाण्याचे पिंप आणि एक लिंबाचे झाड. गाडी यायच्या आधी फाटक लावायचे, झेंडी धरून उभे राहायचे, गाडी गेली की फाटक उघडायचे. रोज शेकडो माणसे त्याच्यासमोरून जात, पण बोलायला कोणी थांबत नसे. बायको जयवंताबाई तीन वर्षांपूर्वी वारली होती. एकुलती मुलगी धावड्याला दिलेली; ती दिवाळीला चार दिवस येई.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता स्टेशनमास्तरांची परभणीकडे बदली झाली. सामान बांधायच्या गडबडीतच त्यांच्या पत्नी उषाबाई एक काचेची बरणी घेऊन फाटकावर आल्या. आत बोटाएवढा निळा मासा होता. त्याची शेपटी अंगापेक्षा मोठी, लुगड्याच्या पदरासारखी मागे तरंगत होती.

"सांडूभाऊ, तिकडे क्वार्टर मिळेपर्यंत आम्हालाच धड जागा नाही. एवढा निळ्या सांभाळा. संक्रांतीनंतर माहेराहून परतताना घेऊन जाईन."

"आन् खातो काय हा?"

"तुमच्या पिंपात डासांच्या अळ्या असतीलच की! त्याच घाला. आठवड्याला थोडं पाणी बदला. बस्स."

महिनाभरात सांडूला त्याची सवय झाली. कोणती गाडी किती उशिरा आली, मुलीचे पत्र का नाही आले, सगळे तो बरणीकडे बघून सांगू लागला. पण मार्गशीर्षात थंडी पडली आणि मासा तळाशी जाऊन बसला. अळीला तोंड लावीना.

सांडूचे बालपण मेंढरांमागे गेलेले. कळपापासून तुटलेली मेंढी चाऱ्याला शिवत नाही, मान खाली घालून उभी राहते आणि आठवड्यात संपते, हे त्याने पाहिले होते. त्याचा बाप अशा मेंढीशेजारी दुसरी मेंढी बांधायचा, की ती लगेच रवंथ करू लागायची. निळ्याचे दुखणेही हेच, अशी सांडूची खात्री झाली. पण असला दुसरा मासा आणायचा कुठून?

त्याने पेटी उघडली. जयवंताबाईच्या कुंकवाच्या डब्यात तळहाताएवढा आरसा होता. तो पुसून त्याने बरणीला टेकवला. निळ्या वर आला. आरशात बघताच त्याचे गाल फुगले, पंख उघडले, शेपटी पंख्यासारखी पसरली. तो काचेवर पुन्हा पुन्हा झेपावू लागला.

"घे, भेटला तुला सोबती," सांडू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या पाळीचा गेटमन मच्छिंद्र ते पाहून हसला. "सांडूभाऊ, माशाचं आरशासंगं लगीन लावून राह्यले का?"

"हसू नको. एकटं जनावर जगत न्हाई."

"तुमी बराबर जगून राह्यले की!"

सांडूने आरसा पुन्हा नीट टेकवला.

आरसा दिवसभर बरणीपाशीच राहू लागला. पण निळ्याची शेपटी कडेने विरली, रंग उतरला. खाणे तर नावालाच. तेवढ्यात उषाबाईंचे पत्र आले: रविवारच्या पॅसेंजरने येते आहे. धडधाकट मासा त्यांच्या हाती द्यायचा, एवढेच सांडूच्या मनात होते. सोबत कमी पडत असेल म्हणून त्याने दुसऱ्या बाजूनेही आरसा लावला, स्वतःचा दाढीचा.

रविवारी मच्छिंद्रला फाटकावर बसवून तो बरणी छातीशी धरून फलाटावर उभा राहिला. गाडी आली. उषाबाईंनी खिडकीतून वाकून बरणी पाहिली. "हे काय झालं याला?"

"एकला पडला व्हता, बाई. मंग आरसा लावला. दोन दोन लावले."

"अहो सांडूभाऊ! ही भांडकुदळ जात. समोर दुसरा दिसला की हे त्याला फाडायला धावतात. इतके दिवस हा भांडतोय बिचारा."

"म्हंजी मी त्याला..."

"चूक माझी. सांगायला हवं होतं. याला एकटंच राहायचं असतं हो."

शिट्टी झाली. उषाबाईंनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. "आता हा प्रवासात टिकायचा नाही. राहू द्या तुमच्याकडेच. आरसे तेवढे काढा आणि बरणी उन्हात ठेवा, थंडी सोसत नाही याला."

खोलीवर येऊन त्याने जयवंताबाईचा आरसा डब्यात ठेवून दिला. बरणी खिडकीतल्या कोवळ्या उन्हात ठेवली. आपले तोंड पाहूनही निळ्या चवताळेल या भीतीने तीन दिवस सांडू दाराकडे तोंड करून जेवला. अळ्या टाकायचा आणि लगेच बाजूला व्हायचा.

चौथ्या दिवशी पाणी हलल्याचा आवाज आल्यासारखे वाटले म्हणून त्याने मागे वळून पाहिले. एक अळी कमी होती. त्याने स्टूल हातभर पुढे घेतले. थोड्या वेळाने आणखी हातभर. निळ्या हळूहळू काचेपाशी आला आणि एका डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिला. गाल फुगले नाहीत. पंख मिटलेलेच राहिले.

"मी चालतो व्हय तुला?" सांडू दबक्या आवाजात म्हणाला.

लांबून इंजिनाची शिट्टी ऐकू आली. बरणीला धक्का लागणार नाही अशा बेताने तो उठला आणि झेंडी घेऊन फाटक लावायला गेला.